‘सोर्स-बेस्ड’ वितरण आणि ‘प्रॉडक्शन’ सर्व्हर : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : प्रॉडक्शन सर्व्हरवर जेंटू लिनक्स हे ‘सोर्स-बेस्ड’ वितरण (म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडमधून, ‘सोर्स’मधून, बांधली जाणारी लिनक्स प्रणाली) वापरण्याविषयी टिपण लिहितो आहे. ‘सोर्स-बेस्ड’ला ‘स्रोताधारित’ आणि ‘प्रॉडक्शन सर्व्हर’ला ‘उत्पादन सर्व्हर’ लिहिले आहे. चालेल का?

प्रतिसाद १ : ‘उत्पादन’ नको, त्याने कारखाना डोळ्यांपुढे येतो. इथे मुद्दा एवढाच की हा चाचणीचा सर्व्हर नाही, यावर खरे वापरकर्ते विसंबून आहेत. ‘सेवेतला सर्व्हर’ म्हणा. तसेच ‘कंपाइल’ला (सोर्समधून यंत्रावर चालणारा प्रोग्राम बनवण्याला) कोशातले ‘संकलन’ घेऊ नका. वाचकाला लेखसंग्रह आठवतो. बोलताना सगळे ‘कंपाइल करणे’च म्हणतात.

प्रतिसाद २ : ‘स्रोताधारित’ मला अपुरा वाटतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाची पॅकेजेसही (प्रोग्रामचे तयार गठ्ठे) सोर्समधूनच बनतात की! फरक बांधणी कुठे होते याचा आहे. डेबियनची बांधणी प्रकल्पाच्या यंत्रांवर होते आणि आपल्याला तयार पॅकेज मिळते. जेंटूत ‘इमर्ज’ ही आज्ञा दिली की पोर्टेज हा तिथला पॅकेज-व्यवस्थापक सोर्स आणून आपल्याच यंत्रावर कंपाइल करते. एखाद्या प्रोग्रामला ग्राफिक्सचा किंवा एलडॅपचा (वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीचा) आधार हवा की नको, हे ‘यूज फ्लॅग’ नावाच्या खुणा लावून आपण ठरवतो. नको असलेला भाग सहसा प्रोग्राममध्ये बांधलाच जात नाही, हा सेवेतल्या सर्व्हरसाठी मोठाच फायदा. म्हणून ‘स्वबांधणीचे वितरण’.

प्रश्नकर्ता : ‘स्वबांधणी’ आवडला. पण मग प्रत्येक सर्व्हर स्वतःच कंपाइल करत बसतो, असा समज होणार नाही का?

प्रतिसाद २ : होईल, आणि तो टिपणातच दूर करा. सर्व्हर बरेच असतील तर बांधणी एका वेगळ्या यंत्रावर करावी, तिथेच चाचणी घ्यावी आणि तयार पॅकेजेस बाकीच्यांना द्यावीत. या पॅकेजेसच्या साठ्याला जेंटूवाले ‘बिनहोस्ट’ म्हणतात, तो शब्द तसाच ठेवा. बांधणाऱ्या यंत्राला ‘बांधणी-यंत्र’ पुरे. एक इशारा जरूर लिहा : बांधणी-यंत्रावर ‘मार्च=नेटिव्ह’ (याच यंत्राच्या प्रोसेसरसाठी कंपाइल कर, ही सूचना) ठेवले आणि सेवेतल्या सर्व्हरचा प्रोसेसर जुना निघाला, तर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन बंद पडू शकतो. सगळ्या यंत्रांना झेपेल तोच प्रोसेसर-प्रकार निवडावा.

प्रतिसाद १ : डिसेंबर २०२३पासून जेंटू प्रकल्प स्वतःही एएमडी६४ आणि एआरएम६४ या प्रोसेसर-प्रकारांसाठी भरपूर तयार पॅकेजेस देतो. तेव्हा ‘स्वबांधणीचे’पेक्षा ‘स्वबांधणीची मुभा देणारे वितरण’ जास्त खरे. लांब आहे, पण व्याख्येत एकदा द्या आणि पुढे ‘स्वबांधणी’ वापरा.