मदत हवी आहे: १९७१ मधील ‘करंज’ आणि ‘गाझी’ यांचे आकडे नेमके कोणाचे?

नमस्कार. कर्वेनगरातील आमच्या सोसायटीत ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनी, लहानसे प्रदर्शन असते आणि यंदा १९७१ च्या भारत-पाक युद्धातील पाणबुड्यांचा, म्हणजे आपली ‘करंज’ आणि पाकिस्तानची ‘गाझी’ यांचा फलक माझ्या वाट्याला आला आहे. माझे दिवंगत काका लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून पुढे ‘करंज’च्या इंजिनविभागात होते. त्यांच्या वहीत एका पानावर दोन रकाने आहेत, परंतु ज्या कोपऱ्यात नावे असावीत तिथे डिझेलचा तेलकट डाग पसरला आहे आणि शाई पार फुटली आहे.

पहिल्या रकान्यात लांबी ९५ मीटर, वेग पाण्यावर २० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि पाण्याखाली पावणेनऊ, पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या नळ्या १०, पाणतीर २८ असे आहे. दुसऱ्यात लांबी ९१ मीटर, वेग १६ आणि १५, नळ्या १०, पाणतीर २२. शिवाय त्याखाली ‘३८० मैल, २ नॉट’ असे वेगळे टिपलेले आहे. वीस नॉटने धावणारी लांब नौका ती नवी, म्हणजे आपली ‘करंज’, असा तर्क करून मी मजकूर तयार केला. मात्र तीच नौका पाण्याखाली इतकी मंदावते हे मनाला पटत नाही. शिवाय दोन नॉट हा माणसाच्या चालण्याहूनही कमी वेग, तो मुद्दाम नोंदवण्याचे कारण काय असावे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद:

आपले रकाने उलटे लागले आहेत. पहिला रकाना ‘गाझी’चा आहे. ही मूळची अमेरिकी नौदलाची टेंच वर्गातील ‘डायब्लो’; ती ३१ मार्च १९४५ रोजी सेवेत आली, पहिल्या युद्धगस्तीवर निघाली तोवर महायुद्धच संपले, आणि १९६४ मध्ये ती पाकिस्तानकडे गेली. त्या काळची पाणबुडी बहुतेक प्रवास पृष्ठभागावरूनच करीत असे आणि हल्ल्यापुरती किंवा लपण्यापुरती बुडी मारीत असे, म्हणून वरचा वेग भरपूर आणि खालचा बेताचा.

दुसरा रकाना ‘करंज’चा. ती सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातील, १९६९ मध्ये दाखल झालेली. पुढे नौदलप्रमुख झालेले विजयसिंह शेखावत युद्धात तिचे कप्तान होते आणि त्यांना वीरचक्र मिळाले. या आराखड्यात महायुद्धाच्या अखेरच्या जर्मन पाणबुड्यांचा धडा गिरवलेला दिसतो, त्यामुळे वरचा व खालचा वेग जवळजवळ सारखाच आहे.

दोन नॉटची नोंद मात्र खास इंजिनवाल्याची आहे. खाली डिझेल इंजिनाला हवा नाही, सारा भार बॅटरीवर. आणि वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. पंधरा नॉटने पळाल्यास बॅटरी काही तासांतच बसते, पण दोन नॉटने सरपटत गेल्यास ३८० सागरी मैल, म्हणजे जवळपास आठ दिवस निघतात. त्यानंतर हवा ओढणारी स्नॉर्केलची नळी वर काढून इंजिने चालवणे भागच, आणि नेमके तेव्हाच शत्रूला सुगावा लागण्याची भीती असते.

विशाखापट्टणमला जाणे झाल्यास समुद्रकिनारी जतन केलेली ‘कुरसुरा’ अवश्य पाहावी. ती ‘करंज’च्याच वर्गातील असल्याने इंजिनघरात उभे राहिल्यावर काकांचे पान अधिक कळेल.

धागालेखक:

मनःपूर्वक आभार. फ्लेक्स छपाईला गेलाच होता, तो सकाळी फोन करून थांबवला. आणखी एक विचारतो: आपल्या विनाशिकेबद्दलचे ‘राजपूतने गाझी बुडवली’ हे वाक्य तसेच ठेवावे काय?

प्रतिसाद:

तसे एकाच वाक्यात उरकू नये. ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू नौकेच्या मागावर आलेली ‘गाझी’ ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली आणि तिच्यावरील कोणीही वाचले नाही, एवढे निर्विवाद आहे. भारतीय बाजू ‘राजपूत’ने टाकलेल्या जलबाँबकडे बोट दाखवते, तर पाकिस्तानी बाजू अपघाती स्फोट किंवा तिनेच पेरलेला सुरुंग म्हणते. दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी द्यावीत.

धागालेखक:

तसेच करतो. मुलांसाठी ‘करंज’ हे नाव उरणच्या करंजा बेटावरून आले हेही लिहितो, कारण शेजारचा मुलगा कालपासून तिला ‘करंजी’ म्हणतो आहे.