मदत हवी आहे : नववी-दहावीच्या मुलांचे वाचन, लेखन आणि रील्स

नमस्कार. कोल्हापुरात नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी मी रविवारी वाचन-लेखनाचा वर्ग घेते. त्यासंदर्भात जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पुरुषाने कसे असावे आणि बाईने कसे वागावे, हे या वयाची मुले आता घराइतकेच मोबाइलवरूनही शिकतात, असे माझे निरीक्षण आहे. मुलांच्या रील्समध्ये तालीम, बुलेट आणि ‘नाद खुळा’चा रुबाब असतो, अनेक मुलींच्या खात्यांवर मात्र घरच्यांच्या धाकाने स्वतःचा चेहराही नसतो. पाठ्यपुस्तके थोडीफार बदलली आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून स्वयंपाकाची तयारी करताना दिसले. पण दहावीपर्यंत ते चित्र कोणाच्या लक्षात राहणार?

लेखनात निराळीच अडचण येते, कारण मराठीत ‘मी’ने सुरू झालेले वाक्य बहुधा क्रियापदापाशी लिंग उघड करते. एका मुलाने मुलीच्या तोंडून गोष्ट लिहिली होती. बाकीचे हसताच त्याने प्रत्येक ‘गेले’चे ‘गेलो’ केले, तेही कागद फाटेपर्यंत खोडून. त्यातून त्याच्याविषयी काही निष्कर्ष काढण्याची घाई मला करायची नाही, पण त्याचे लिहिणे थांबू नये, एवढे नक्की वाटते.

मुलगा-मुलगी या ठरीव साच्यात न बसणारी पात्रे असलेल्या, या वयाला झेपतील अशा मराठी कथा कृपया सुचवाव्यात. तसेच रील्सवरची चर्चा उपदेश न वाटता कशी सुरू करावी आणि असे लेखन वर्गात वाचावे की लिहिणाऱ्यापुरतेच ठेवावे, याबद्दल शिक्षक व समुपदेशकांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.