सव्वाशे सीसी म्हणे ‘खेळणं’!

किकमास्टर: ‘पहिली गाडी जुनी सव्वाशेची घेऊ नका, ते खेळणं आहे, सहा महिन्यांत कंटाळाल, सरळ चारशेची घ्या’ असं कुणीतरी काल ठोकून दिलंय. दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून सविस्तर.

शिकाऊ माणसाची गाडी पडते. तीही बहुतेकदा उभ्याउभ्या. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की झालं. 120 किलोची गाडी पायावर सावरते, 170 ची एकदा कलली की नुसतं बघत राहायचं. शिवाय हवेवर थंड होणारं एका सिलिंडरचं इंजिन, रेडिएटरची भानगड नाही.

बघायला गेलात की आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर गार इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देतं, ते लपवलंय असं धरून चाला आणि दुसऱ्या दिवशी परत जा. स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्ह सील, रेस केल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर सिलिंडरचा बोअर झिजलाय. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर अख्खा सेट बदलायचा, नुसती चेन नाही. आणि इंजिनचा आवाज शांत हवा, टिकटिक नको.

चारशेवाला: ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. जुन्या सव्वाशेला पुढे ड्रम, टायर पेन्सिलीएवढे, एबीएसचा पत्ता नाही. नवशिका घाबरला की ब्रेक आवळतो आणि चाक लॉक होतं. तेव्हा तुमचे 50 किलो कमी असून काय उपयोग? 80 च्या स्पीडला इंजिन आधीच बोंबलत असतं, ओव्हरटेकला पिकअप उरतो कुठे?

फीलरगेज: तुमचं चालू द्या. पण ‘टिकटिक नको’ हे कुणी मनावर घेऊ नका, याच सल्ल्याने इंजिनं जळतात. टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह ढकलणारा रॉकर, वाजत नाही म्हणजे त्याच्या आणि वॉल्व्हच्या टोकामधली गॅप बरोबर आहे, किंवा गॅप उरलेलीच नाही. वॉल्व्ह सीटमध्ये झिजत वर सरकतो, गॅप कमी होत जाते. एक्झॉस्ट वॉल्व्ह पूर्ण मिटेनासा झाला की त्याची उष्णता सीटवाटे हेडमध्ये जात नाही, कडा जळते, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बसतं. अशी गाडी गार असताना बरी चालते, तापली की स्लोवर बंद पडते आणि परत स्टार्ट होताना रडवते.

किकमास्टर: आणि वॉल्व्ह चालवणारी आतली कॅम चेन वाजत असेल तर? नवशिक्याला फरक काय कळणार?

फीलरगेज: टॅपेटची टिकटिक हेडमधून, एका लयीत. कॅम चेन बाजूने खरखरते, विशेषतः थ्रॉटल सोडताना. गॅप मोजायची तर गाडी रात्रभर उभी हवी. प्लग काढा, मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन पार वर आल्याची) जुळवा, दोन्ही रॉकर थोडे हलतात का बघा. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा. बऱ्याच छोट्या इंजिनांना 0.05 ते 0.10 मिमी लागते, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. लॉकनट आवळताना गॅपचा स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजा. निम्मे लोक इथेच चुकतात.

चारशेवाला: वा! म्हणजे गाडी बघायला जाताना पाने, गॅप मोजायचा फीलर गेज आणि मुक्कामाची वळकटी. विकणारा टॅपेट कव्हर उघडू देणारे का?

फीलरगेज: नाही देणार. म्हणूनच पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी स्टार्ट करा. एवढ्याला कुणी नाही म्हणत नाही. म्हणालाच तर समजून जा.

धुरळा: कॉम्प्रेशन गेज लावा ना सरळ, कशाला एवढं पुराण.

फीलरगेज: लावा की. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. फक्त काही इंजिनांत स्टार्ट सोपी व्हावी म्हणून कॅमवर डीकॉम्प्रेशन, म्हणजे स्टार्ट करताना वॉल्व्ह किंचित उघडून दाब सोडायची सोय, असतं. तिथे गेज कमीच दाखवतं आणि शहाणे लोक चांगलं इंजिन खोलून बसतात. तसं नसेल आणि तरी कमी आलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर रिंगा, हललंच नाही तर बहुधा वॉल्व्ह.

चारशेवाला: सगळे इंजिनात डोकं घालून बसलेत, टायर कोण बघणार? बाजूवर चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. ओल्या रस्त्यावर तुमचे टॅपेट वाचवणार नाहीत.

किकमास्टर: हे मान्य. जुन्या चारशेलाही तेच लागू आहे, फक्त टायर महाग.

चारशेवाला: बरं बाबा, पुढे डिस्क आणि टायर ताजे असतील तर घ्या तुमचं खेळणं. ड्रमवाली मात्र नको म्हणजे नको.

किकमास्टर: ड्रमचा दोष कमी आणि मालकांचा जास्त. शूवरचे लायनर घासले की ब्रेक दाबल्यावर आर्म आणि केबलमधला कोन 90 अंशांच्या पलीकडे जातो आणि जोर जातो. लोक शू बदलायचे सोडून अ‍ॅडजस्टर पिळत बसतात.

चारशेवाला: आता ड्रमवर सुरू होऊ नका, हात जोडतो.