कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल, तरी वजन उतरतंय: क्रोन्स की खाण्याची भीती?

धरमपेठ_आहार
पेशंट 20 वर्षांची, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार). शौच दिवसातून एक-दोनदा, रक्त नाही, कॅलप्रोटेक्टिन (शौचातून आतड्याची सूज मोजणारी तपासणी) 40. तरी चार महिन्यांत 47 किलोची 41 झाली. उंची 158 सेंमी. खाणं म्हणजे मऊ भात, मुगाचं कढण, उकडलेला बटाटा. कॉलेजच्या दिवशी दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही, बसमध्ये शौचाला लागली तर? घरचे म्हणतात, "पथ्य छान पाळते." आजार उसळलाय की हे दुसरंच काही?

आतड्याचं_गणित
आधी आतड्याची खात्री करा. 50 च्या खालचं कॅलप्रोटेक्टिन दिलासा देतं, पण लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये कधी कधी फसवतं. शिवाय सूज ओसरून नुसता व्रण उरला आणि आतडं अरुंद झालं, तर रिपोर्ट नॉर्मल येतो नि जेवल्यावर कळ येतेच. विचारा: जेवणानंतर तास-दोन तासांत कळा, पोट फुगणं, गुडगुड, मग उलटी? असेल तर एमआर किंवा सीटी एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा स्कॅन) आधी, समुपदेशन नंतर. अशा पोरीला "घाबरू नको, खा" म्हणणं म्हणजे अडथळा ओढवून घेणं.

आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. निदानाच्या वेळी तो तपासला होता का, जुनी फाईल उघडा. अल्ब्युमिनवरून (रक्तातलं एक प्रथिन) खाणं मोजू नका, ते सुजेनं उतरतं. बी12 मात्र बघाच, ते याच भागात शोषलं जातं.

मनोविकार_ओपीडी
आतडं साफ निघालं तर दोन शक्यता. एक आर्फिड (खाणं टाळण्याचा विकार), 2013 च्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत आलेलं निदान: भीती वेदनेची, जुलाबाची, बारीक व्हायचं नसतं. दुसरी अ‍ॅनोरेक्झिया: वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडणं. "दोन किलो वाढले तर कसं वाटेल?" या प्रश्नाला आर्फिडवाली बहुधा "बरंच होईल" म्हणते, दुसरी गप्प होते.

प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू होती का? चेहरा गोल झाला म्हणून गोळ्या गुपचूप बंद करणारे असतात, आणि बरेच आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर बीपी कोसळू शकतो. उपवासही मोजा: सोमवार, गुरुवार, चतुर्थी. आजारानंतर वाढलेले उपवास भक्तीच्या खात्यात जमा होतात, कुणी टोकत नाही.

वऱ्हाडी_वाटी
ताई, लगेच भरलं ताट नको. बीएमआय 16.4 आणि 12 टक्क्यांवर घट, म्हणजे रिफीडिंगचा धोका: उपाशी शरीराला एकदम जास्त अन्न मिळालं की रक्तातले क्षार कोसळतात. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासा. थायमिन (बी1) डॉक्टरांना विचारून खाणं वाढवण्याआधी. मग सध्या जेवढं पोटात जातं तिथून दर दोन-तीन दिवसांनी साधारण 200 किलोकॅलरी वर. मेख अशी, की फॉस्फरस खाणं वाढवल्यावर पडतं. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच आठवड्यात पुन्हा रक्त.

पदार्थांची यादी तिच्याकडूनच करून घ्या, कमी भीतीचा आधी. एक पदार्थ, तीन दिवस. कढणाऐवजी घोटलेलं वरण दोन चमचे, मग अर्धी वाटी, मग त्यात कुस्करलेला अर्धा फुलका. पोहे बिनतर्रीचे; तर्रीतलं तेल, तिखट, चणे अगदी शेवटी, नाहीच जमलं तरी काही बिघडत नाही बाप्पा. संत्र्याचा गाळलेला रस, नंतर सोललेल्या फोडीतला गर. आतडं अरुंद असेल तर फोडीची साल कधीच नाही. गॅस झाला म्हणजे आजार उसळला असं नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर एका ढेकरेपायी पदार्थ यादीतून जातो. लक्षणांची नोंद दिवसातून एकदाच, रात्री.

धरमपेठ_आहार
कळ नाही म्हणते. तरी एन्टेरोग्राफीसाठी तिच्या डॉक्टरांशी बोलते. मानसोपचाराचं नाव काढलं की घरचे बिथरतील, तिथे काय?

मनोविकार_ओपीडी
"पोटाच्या इलाजाचाच भाग" म्हणून सांगा, खोटंही नाही ते. नागपूरचं मेडिकल (सरकारी कॉलेजचं रुग्णालय) किंवा मिहानचं एम्स, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथवर सरकारी हेल्पलाइन टेली-मानस 14416, मराठीत बोलता येतं. मात्र जागेपणी नाडी 50 च्या खाली, चक्कर येऊन पडणं, किंवा फुगलेल्या पोटासह उलट्या आणि वारा सरणं बंद, यातलं एकही दिसलं तर अपॉइंटमेंट नको, थेट कॅज्युअल्टी.