अँटिबायोटिकनंतर बिघडलेलं पोट आणि दही : तुमचे अनुभव सांगा

निळाई:
काल लेकीला दाताच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू झालं आणि मला एकदम बाबांचा न्यूमोनिया आठवला. ताप उतरला, छाती मोकळी झाली, पण जुलाबांनी माणूस पार गळून गेला. औषध न्यूमोनियाच्या जंतूंबरोबर आतड्यातले कामाचे जिवाणूही मारतं, असं डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. मग प्रोबायोटिक दही, म्हणजे जिवंत कामाचे जिवाणू असलेलं, सुरू केलं. बाबांना दुसरं काही जातच नव्हतं, दही तेवढं मागून खायचे. हळूहळू पोट जाग्यावर आलं. दह्यामुळे की आपसूक, ते मला आजही सांगता येणार नाही. तुमच्याकडे काय झालं? गुण आला नसेल तरी लिहा.

चकोर:
मला दरवेळी फायदा. अमॉक्सिसिलिन चालू असतानाच दही सुरू करते, कोर्स संपल्यावरही काही दिवस खाते. गोळी आणि दही यात दोन-तीन तास जाऊ द्यायचे.

पाऊलवाट:
बाबा आता कसे आहेत?

निळाई:
ठणठणीत आहेत गं. रोज फिरायला जातात.

मृद्गंध:
चकोरताई, त्या अंतराचं थोडं सांगते, औषधांच्या दुकानात काउंटरवर असते म्हणून. अमॉक्सिसिलिनला दह्याचं वावडं नाही. तिथे अंतर ठेवायचं ते दह्यातले जिवाणू औषधाच्या तडाख्यात सापडू नयेत म्हणून. सिप्रोफ्लॉक्सासिनचं मात्र उलट. दह्यातलं कॅल्शियम त्या औषधालाच धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी पोचतं. म्हणून सिप्रो दह्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. डॉक्सिसायक्लिनच्या वेळीही दूध-दही लांब ठेवा. लोक घाईत असतात, हे ऐकायला थांबत नाहीत, जीव तुटतो. आणि जुलाब झाले म्हणून कोर्स मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

शिंपला:
हे माहीतच नव्हतं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

अबोली:
सासूबाईंचं वेगळं झालं, जरा सविस्तर लिहिते. कोर्स संपून बरेच दिवस झाले होते आणि अचानक पाण्यासारखे जुलाब, ताप, पोटात कळा. शेजारपाजारचे सगळे दही द्या म्हणत होते. नवऱ्याने ऐकलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं. तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल निघाला. बाकीचे जिवाणू मेले की मोकळ्या जागेत हा फोफावतो. त्यावर पोटातून घ्यायचं व्हँकोमायसिन दिलं, सलाइन लावलं, तेव्हा उतार पडला. दही चांगलंच, मीही खाते. पण ताप, रक्त, कळा यातलं काही दिसलं तर ते दह्याचं काम नाही. वयस्कर माणसं घरात असतील तर हे लक्षात ठेवाच.

चकोर:
बापरे अबोली, केवढं सोसलंत तुम्ही सगळ्यांनी.

केवडा:
माझ्या भावाची किमो चालू आहे. त्याच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिक स्पष्ट नको सांगितलं. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर हे जिवंत जिवाणूच क्वचित रक्तात जाऊ शकतात. विचारल्याशिवाय देऊ नका.

पाऊलवाट:
लवकर बरा होवो तो.

रानवारा:
माझ्या पोटावर दह्याचा काही परिणाम झाला नाही, ना चांगला ना वाईट. वेळ गेला तसं ते आपलं आपण सुधारलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेचा २०१८चा अभ्यास वाचनात आला. त्यात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परत यायला उलट उशीर लागला. ते अनेक जातींचं मिश्रण होतं, दही नव्हे, शिवाय माणसं निरोगी होती, त्यामुळे दह्याला दोष देत नाही. त्याच वर्षीच्या डेन्मार्कच्या अभ्यासात काही न देताही ६ महिन्यांत बहुतेक जिवाणू परतले, काही जाती मात्र नाहीच आल्या. माझं मत एवढंच, की दही जुलाब आवरायला मदत करत असेल, पण आतडं पूर्ववत व्हायला त्याचा वेळ लागतोच. घाबरून महागडं काहीबाही घेऊ नये.

मृद्गंध:
पटलं. बूलार्डी नावाचं यीस्ट असलेली पाकिटं डॉक्टर देतात ना, ते यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. दह्याचं तसं नाही.

शिंपला:
दही गरम केलं तर चालतं का? गार खाल्लं की माझा घसा धरतो.

चकोर:
गरम नको, जिवाणू मरतात. आधी काढून ठेवा, खोलीच्या तापमानाला आलं की खा. आणि डब्यावर जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलंय का बघा. काही दही लावल्यावर पुन्हा तापवतात, त्यात काही उरत नाही.

सोनचाफा:
दही राहू द्या, आधी अँटिबायोटिकच पोटात कसं घालायचं सांगा. धाकटा चमचा बघूनच तोंड घट्ट मिटतो. कडू सिरप, निम्मं बाहेर येतं 😔

अबोली:
पिचकारीने दे, गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. मापही बरोबर राहतं. सगळं उलटून पडलं तर पुन्हा द्यायचं का ते डॉक्टरांना विचारून घे.

सोनचाफा:
पिचकारी आहे घरात! जेवण झालं की करून बघते.