क्लबिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फुप्फुसाच्या कर्करोगावर माहितीपत्रक करतोय. या आजारात कधीकधी बोटांची टोकं गोल फुगतात, त्याला ‘क्लबिंग’ म्हणतात. त्यासाठी ‘नखं वाकणं’ चालेल का?

– नको. नखं वयामुळे, मार लागून, बुरशीनेही वाकतात. क्लबिंगची सुरुवात नखाखालच्या मऊ भागात होते. नखाचं मूळ दाबलं की डळमळतं. मग नख आणि मागची त्वचा यांच्यातला कोन भरत जातो. एरवी तो १६० अंशांच्या आसपास असतो, १८० ओलांडला की क्लबिंग पक्कं. टोक गोल फुगतं ते त्यानंतर. ‘मुद्गरांगुली’ पाठ्यपुस्तकात शोभेल. पत्रकात ‘बोटांची टोकं फुगणं’ लिहा.

– सोबत तपासणीही द्या. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून, शेवटचे सांधे भिडवून उजेडात धरायची. नखांच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक फट दिसते. फट बुजली असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. ही खूण दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये स्वतःच्याच बोटांवरून मांडली.

– ‘बिडी-सिगारेटमुळे बोटं फुगतात’ असं वाक्य कृपा करून टाळा. नुसत्या सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होऊन दीर्घकाळ दम लागण्याचा आजार) क्लबिंग होत नाही. दम्या-खोकल्याच्या जुन्या रुग्णात ते नव्याने दिसलं, तर छातीत गाठ नाही ना, हे बघायलाच हवं. जोडीला घोटे-मनगटं दुखत असतील तर हाडावरच्या आवरणाला सूज असू शकते. तिला संधिवात समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. अर्थात ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), जन्मजात हृदयदोष, सिरॉसिस (यकृत निबर होणं) यांतही क्लबिंग होतं, काही घराण्यांत उपजतच असतं.

– ‘लक्षण’ न म्हणता ‘चिन्ह’ म्हणा. लक्षण रुग्ण सांगतो, चिन्ह तपासणाऱ्याला दिसतं. क्लबिंग दुखत नाही, त्यामुळे कुणी त्याची तक्रार घेऊन येत नाही. आणि ‘पूर्वसूचना’ हा शब्द जपून वापरा. कित्येकांची बोटं शेवटपर्यंत नीट असतात. थुंकीतून रक्त पडत असेल तर नखं चांगली आहेत म्हणून थांबू नये.

– तळहातांवरचं ‘ट्राइप पाम्स’ हे चिन्हही घ्या. ट्राइप म्हणजे वजडी. तळहात जाड, मखमली होतात, रेषा ठळक उठतात. बदल फक्त तळहातांवर असेल तर कर्करोगासाठी आधी फुप्फुस तपासतात. मान-काखही काळवंडली असेल तर जठरही. नुसती मान काळी पडणं मात्र बहुतेक वेळा लठ्ठपणा किंवा मधुमेहाकडे बोट दाखवतं, हे त्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर लोक उगाच धास्तावतील.