बाराव्या दिवशीही जन्मवजन भरलं नाही, तर डबा उघडायचा का?

पारिजात
जन्मवजन २९०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २६८०, बाराव्या दिवशी २७८०. असे आकडे दिसले की "दूध पुरत नाही" सुरू होतं आणि घरात पावडरचा डबा येतो. माझं स्पष्ट मत, आधी पकड, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं ते, बघा. बऱ्याचदा बाळ नुसतं बोंड चोखत असतं. पोट आईच्या पोटाला टेकलेलं, तोंड जांभईसारखं उघडं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. बोंडाभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसावा, खाली कमी. वरचं दूध दिलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूध बनणंही कमी होतं.

तागडी
पकडीबद्दल दुमत नाही, पण हिशेब करा. ९ दिवसांत १०० ग्रॅम म्हणजे दिवसाला जेमतेम ११. या वयात २० ते ३० हवेत. पकड सुधारेपर्यंत बाळाने अर्धपोटी राहायचं? अर्धपोटी बाळ सुस्तावतं, सुस्त बाळ ओढत नाही, आणि घरचे म्हणतात, किती शांत झोपतं! मला भीती वाटते ती याच झोपेची. उठवून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. पाजल्यावर हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. ते पुरेना, तर डॉक्टर सांगतील तेवढी पावडर द्यावी, त्यात आईचा कमीपणा नाही.

पारिजात
काढलेलं दूध मान्य. बाटली मात्र नकोच, आणि मध-घुटी तर मुळीच नको. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांनी बाजू बदलणंही थांबवा. स्निग्धांश शेवटच्या दुधात जास्त असतो, तेव्हा एक बाजू नीट रिकामी होऊ द्या, मग दुसरी.

उंबरठा
तुम्ही दोघंही ते आकडे खरे धरून चालला आहात. जन्मवजन डिजिटल काट्यावर आणि नंतरचं टांगत्या स्प्रिंगकाट्यावर केलं असेल, तर त्याची एक रेघच १०० ग्रॅमची असू शकते! शिवाय प्रसूतीच्या वेळी आईला बरंच सलाइन लागलं असेल, तर जन्मवजन थोडं फुगलेलं असू शकतं. एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, पाजण्याआधी वजन करा. दोन दिवसांनी पुन्हा करा.

तागडी
काट्याचं पटलं, दोन दिवस थांबायचं मात्र लंगोट बघूनच ठरवा. पाचव्या दिवसानंतर रोज निदान ६ वेळा फिकट लघवी आणि ३-४ वेळा पिवळी शी हवी. लघवी गडद किंवा कमी, शी अजून काळपट, डोळे पिवळे, किंवा बाळ पाजायला उठतच नाही, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या वजनाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.